जिम सुरू करण्याआधी: आज शरीराला किती झेपतं, हे कसं मोजायचं

जिममध्ये नाव नोंदवलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणता व्यायाम करू?’ त्याच्याही आधी एका प्रश्नाचं उत्तर हाताशी हवं: आज माझ्या शरीराला किती झेपतं? अंदाजाने दिलेलं उत्तर सहसा चुकतं. कॉलेजात मैदान गाजवलेला माणूस पंधरा वर्षं खुर्चीत घालवल्यावरही स्वतःला तितकाच दणकट समजतो. उलट, आयुष्यात कधी जिमची पायरी न चढलेली पण दिवसभर उभ्याने राबणारी बाई स्वतःला उगाच कमजोर समजते. मग पहिल्याचा पहिला महिना दुखापतीत जातो आणि दुसरीचा फार हलक्या व्यायामात.

हे टाळण्यासाठी सुरुवातीलाच स्वतःची मोजमापं घ्यायची. जिममध्ये याला ‘फिटनेस असेसमेंट’ किंवा ‘बेसलाइन टेस्ट’ म्हणतात. सकाळची नाडी सोडली तर सगळं काम तासाभरात उरकतं आणि त्यातलं बरंचसं घरीच होतं. माझा आग्रह एकच आहे: ज्या आकड्यामुळे तुमच्या व्यायामात काहीही बदलणार नाही, तो आकडा घेऊच नका. म्हणून खाली प्रत्येक मोजमापासोबत त्यावरून काय ठरवायचं, तेही सांगितलं आहे.

पायरी १: आधी डॉक्टरांना भेटायचं का, हे ठरवा

ही पायरी वगळून पुढे जाऊ नका. यासाठी जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे, ‘पार-क्यू’. ती १९७० च्या दशकात कॅनडात तयार झाली आणि आता तिची सुधारित आवृत्ती ‘पार-क्यू प्लस’ वापरात आहे. तिच्या पहिल्या पानावर सातच प्रश्न आहेत. त्यांचा आशय असा: हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलं आहे का? बसलेलं असताना, रोजची कामं करताना किंवा व्यायाम करताना छातीत दुखतं का? गेल्या १२ महिन्यांत चक्कर येऊन तोल गेला किंवा शुद्ध हरपली, असं झालं का? दुसरा एखादा दीर्घकाळचा आजार आहे का? दीर्घ आजारासाठी गोळ्या चालू आहेत का? व्यायामाने बळावेल असं हाडाचं, सांध्याचं किंवा स्नायूचं दुखणं आहे का? आणि वैद्यकीय देखरेखीखालीच व्यायाम करा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे का?

सातही उत्तरं ‘नाही’ असतील, तर हलक्या ते मध्यम व्यायामाने सुरुवात करायला हरकत नाही. एक जरी ‘हो’ असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

‘चाळिशी ओलांडली, आता सगळ्या तपासण्या केल्याशिवाय व्यायाम नको,’ असं बरेच जण म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २०१५ साली आपले निकष बदलले, तेव्हापासून नुसत्या वयामुळे कुणाला डॉक्टरांकडे पाठवलं जात नाही. तीन गोष्टी पाहतात: सध्या नियमित व्यायाम होतो का, हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह, अथवा त्यांची लक्षणं आहेत का, आणि व्यायाम किती जोराचा करायचा आहे. बैठं आयुष्य आणि मधुमेह असं दोन्ही असेल, तर काही त्रास होत नसला तरी डॉक्टरांची परवानगी आधी. लक्षणांमध्ये चढ चढताना छातीवर दडपण येणं, थोड्याशा श्रमाने नेहमीपेक्षा जास्त धाप लागणं, घोट्यांवर सूज, कारण नसताना छातीत धडधड, आणि चालताना पोटऱ्यांत येणारी पण थांबल्यावर जाणारी कळ, हे सगळं येतं. जवळच्या नात्यात कुणी तरुण वयात अचानक दगावलं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. गरोदरपण, नुकतंच झालेलं बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया असेल, तरी आधी त्यांनाच विचारा.

डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं ‘व्यायाम करू का?’ असं विचारलं, तर ‘करा’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: किती जोराचा करू? नाडी कितीपर्यंत गेली तर चालेल? वजनं उचलू का? कोणत्या हालचाली टाळू? माझ्या गोळ्यांचा व्यायामावर काय परिणाम होतो? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रक्तदाबासाठी ‘बीटा ब्लॉकर’ गटातलं औषध चालू असेल, तर व्यायामात नाडी हवी तेवढी वाढत नाही, त्यामुळे नाडीवर आधारलेली प्रत्येक चाचणी तुमच्याबाबतीत फसवी ठरते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते.

पायरी २: तयारी आणि क्रम

आदल्या दिवशी जोराचा व्यायाम आणि मद्य टाळा, रात्री नेहमीसारखी झोप घ्या. चाचणीआधी दोन-तीन तास जेवू नका आणि चहा-कॉफीही नको. पाणी प्या. ताप, सर्दी किंवा जागरण असेल, तर दिवस पुढे ढकला.

सामान फार लागत नाही: न ताणली जाणारी शिवणकामाची टेप, दंडाला पट्टा बांधायचं रक्तदाब यंत्र, फोनमधलं स्टॉपवॉच आणि मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके वाजवणारं, अॅप, ३० सेंटिमीटर उंचीची न हलणारी पायरी, हात नसलेली खुर्ची, वही. सोबत एक माणूस असू द्या. तो आकडे लिहील, आणि तुम्हाला गरगरलंच तर धरायला कुणीतरी असेल.

क्रम असा ठेवा: आधी शांत बसून घ्यायची मोजमापं, मग दमाची चाचणी, मग ताकद, शेवटी सांधे आणि तोल. पुशअप आधी मारले, तर नाडी चढलेली असते आणि दमाच्या चाचणीचा आकडा निरुपयोगी होतो.

पायरी ३: नाडी, रक्तदाब, कंबर

*नाडी.* हे मोजमाप सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच घ्यायचं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला पहिली दोन बोटं हलकेच ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा. अशा तीन सकाळींची सरासरी काढा. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी साधारण ६० ते १०० असते, नियमित व्यायाम करणाऱ्यांची याहून कमीही आढळते. ती वारंवार १०० च्या वर येत असेल किंवा ठोके मध्येच चुकत असल्याचं जाणवत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. या आकड्याचा खरा उपयोग पुढे होतो. तुमची नेहमीची नाडी ७२ असेल आणि एखाद्या सकाळी ती ८२ भरली, तर शरीर अजून थकलेलं आहे किंवा आजार डोकं वर काढतो आहे, असं समजून त्या दिवशीचा व्यायाम हलका करा.

*रक्तदाब.* तो चुकीच्या पद्धतीने मोजणं फार सोपं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधीचा अर्धा तास कॉफी, धूम्रपान, धावपळ यांतलं काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून, पायांची अढी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नको. हात हृदयाच्या उंचीला येईल असा टेबलावर टेकवा. मोजताना बोलू नका. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वापरा, कारण लहान पट्ट्यावर आकडा खोटाच वाढलेला येतो.

१२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. २०१७ च्या अमेरिकी निकषांत ही रेषा १३०/८० वर आणली आहे, तेव्हा मधल्या पट्ट्यात असलात तरी लक्ष ठेवा. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० पर्यंत पोचला असेल, तर चाचणी तिथेच थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यायचा.

एवढी काळजी कशासाठी, तर जड वजन श्वास रोखून ढकलताना रक्तदाब काही क्षणांपुरता प्रचंड चढतो. १९८५ साली बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून थेट मोजमाप केलं गेलं, तेव्हा दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना सरासरी ३२०/२५० असा दाब नोंदला गेला. रक्तदाब आधीच वाढलेला असेल, तर वजनं हलकी ठेवायची आणि जोर लावताना श्वास सोडायचा, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडलं पाहिजे.

*कंबर.* शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा. श्वास सहज सोडून झाल्यावर मोजा, पोट आत ओढू नका. हा आकडा उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १६० सेंटिमीटर उंची असेल, तर कंबर ८० च्या आत. त्यावर जात असेल, तर पोटाच्या आतली चरबी वाढली असण्याची शक्यता आहे, आणि वजनांच्या जोडीला आठवड्यातले चालण्याचे दिवस वाढवायला हवेत.

वजन एकदा लिहून ठेवा. ते लिहिताना मन खट्टू होत असेल, तर सोडून द्या, कंबरेच्या मापावर काम भागतं. बीएमआयला, म्हणजे उंची आणि वजनावरून काढलेल्या आकड्याला, स्नायू कुठला आणि चरबी कुठली हे कळत नाही.

पायरी ४: दमाची चाचणी

नवख्यांसाठी तीन मिनिटांची स्टेप टेस्ट मला सर्वांत सोयीची वाटते. मेट्रोनोम मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावा. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. म्हणजे मिनिटाला २४ वेळा चढ-उतार. ठेका आधी अर्धा मिनिट सरावून घ्या आणि नाडी खाली येऊ द्या. मग तीन मिनिटं न थांबता चढ-उतार करा. संपताच खुर्चीत बसा आणि पाच सेकंदांच्या आत नाडी मोजायला लागा. पूर्ण एक मिनिट मोजा. हाच तुमचा आकडा.

या एका आकड्यात दोन गोष्टी येतात: श्रमाने नाडी किती चढली आणि थांबल्यावर किती झटकन उतरली. आकडा जितका कमी, तितका दम चांगला. वय आणि लिंगानुसार याचे तक्ते मिळतात, पण त्यात गुंतू नका. तुमची स्पर्धा दोन महिन्यांनंतरच्या तुमच्याशीच आहे. तीन मिनिटं पूर्ण झाली नाहीत, तर जिथे थांबलात ती वेळ लिहा. तोही पुरेसा आधार आहे.

छातीत दुखलं, गरगरलं, मळमळलं, डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा ठेका सांभाळता येईना, तर तत्क्षणी थांबायचं. तीन मिनिटं पूर्ण करून दाखवण्यात काही मोठेपण नाही. छातीतलं दुखणं थांबल्यावरही गेलं नाही, तर लगेच रुग्णालय गाठा.

गुडघे कुरकुरत असतील किंवा वजन जास्त असेल, तर पायरीऐवजी सपाट रस्त्यावर १.६ किलोमीटर, म्हणजे एक मैल, जमेल तितकं झपाझप चाला. धावायचं नाही. लागलेला वेळ आणि थांबल्याक्षणीची नाडी लिहा. याला ‘रॉकपोर्ट वॉक टेस्ट’ म्हणतात. हिच्यावरून ऑक्सिजन वापरण्याची क्षमता काढायचं सूत्रही आहे, पण आपल्या कामाला वेळ आणि नाडी एवढंच पुरतं.

१२ मिनिटांत जास्तीत जास्त अंतर धावण्याची ‘कूपर टेस्ट’ अनेक ठिकाणी सर्रास घेतात. डॉ. केनेथ कूपर यांनी ती १९६८ साली अमेरिकी हवाई दलाच्या जवानांसाठी मांडली. बैठ्या माणसाने पहिल्याच दिवशी ती द्यावी, हे मला अजिबात मान्य नाही.

पायरी ५: ताकद

‘एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येतं’ ही चाचणी नवख्याने करू नये. हालचालीची सवयच नसताना तो आकडा ताकदीपेक्षा तंत्राचा अभाव दाखवतो, आणि दुखापत होते ती वेगळीच. त्याऐवजी आपल्याच शरीराचं वजन वापरा.

पायांसाठी: खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ही चाचणी मुळात साठीपुढच्यांसाठी बनवली गेली. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि बायकांना १२ पेक्षा कमी उठबशा जमल्या, तर ते सरासरीहून कमी मानतात. तुम्ही तिशी-चाळिशीत असून याच्या आसपास अडकत असाल, तर पहिले काही आठवडे पायांना द्यायचे.

ढकलण्यासाठी: पुशअप. भिंतीला हात लावून, टेबलाच्या कडेवर, गुडघे टेकून, की पूर्ण जमिनीवर? ज्या प्रकारात निदान पाच स्वच्छ पुशअप होतात तो निवडा. कंबर खाली झुकली किंवा खांदे कानांकडे चढले, की मोजणी बंद. वहीत संख्येसोबत प्रकारही लिहा. ‘गुडघे टेकून ९’ याला अर्थ आहे, नुसत्या ‘९’ ला नाही.

मधल्या भागासाठी कोपरांवरचा प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ उचलून धरणं, कंबर खचेपर्यंत. मिनिटभर नीट जमला, तरी नवख्याला भरपूर आहे.

पकडीसाठी जिममध्ये डायनॅमोमीटर, म्हणजे मुठीचा जोर मोजणारं यंत्र, असेल, तर जरूर दाबून बघा. १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० प्रौढांचा अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात पकड जितकी कमकुवत, तितका मृत्यूचा धोका जास्त आढळला, आणि हा अंदाज वरच्या रक्तदाबापेक्षाही पकडीवरून चांगला बांधता आला. यंत्र नसेल, तर बारला लटकून वेळ मोजा. खांदा दुखत असेल, तर हे सोडा.

पायरी ६: सांधे आणि तोल

खाली बसून पायांचे अंगठे पकडायची चाचणी मी घेत नाही. तिच्यावरून पहिल्या महिन्याच्या व्यायामात फारसं काही बदलत नाही. या चार गोष्टी मात्र बघा.

भिंतीला पाठ, कंबर आणि डोकं टेकवून दोन्ही हात सरळ वर न्या. कंबर भिंतीपासून न सुटता हात भिंतीला लागत नसतील, तर डोक्यावर बारबेल ढकलायचे व्यायाम तूर्त बाजूला ठेवा.

भिंतीसमोर पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. पाऊल मागे सरकवत न्या. अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर असतानाही गुडघा टेकत असेल, तर घोटा मोकळा आहे. नसेल, तर स्क्वॉटमध्ये, म्हणजे उभ्याने गुडघे वाकवून खाली बसण्याच्या व्यायामात, टाचा उचलल्या जातील. तुम्ही सुरुवात खुर्चीच्या उंचीपर्यंतच्या स्क्वॉटने करा.

मग पाच सावकाश स्क्वॉट काढा आणि सोबतच्या माणसाला समोरून आणि बाजूने चित्रित करायला सांगा. गुडघे आत कोसळतात का, एका बाजूला कलता का, हे स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही.

शेवटी एका पायावर, डोळे उघडे ठेवून, १० सेकंद. ब्राझीलमधला २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ५१ ते ७५ वयोगटाचा होता. ज्यांना हे जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. जमलं नाही म्हणून घाबरू नका, पण एका पायाचे व्यायाम आधार धरून करा आणि तोलाचा सराव रोज ठेवा.

ताण जाणवणं चालेल. टोचणारी, सांध्याच्या आत येणारी वेदना चालणार नाही. ती कुठल्या कोनात येते ते लिहून ठेवा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा.

पायरी ७: आकड्यांवरून पहिला महिना ठरवा

हे केलं नाही, तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया. समजा, एकाचे जमिनीवर २० पुशअप झाले, पण स्टेप टेस्ट दीडच मिनिटात सुटली. त्याचा कल साहजिकच वजनांकडे असेल, पण त्याने आठवड्यातले तीन दिवस २०-२५ मिनिटं चालावं किंवा सायकल चालवावी आणि वजनांचे दोनच दिवस ठेवावेत. दुसरीचा दम चांगला आहे, ती रोज चालते, पण भिंतीवरचे पुशअपही सहाच होतात. तिला ट्रेडमिलवर आणखी अर्धा तास घालवून फार काही मिळणार नाही. तिने तीन दिवस ताकदीचेच व्यायाम करावेत.

चालण्याचा, सायकलीचा जोर ठरवण्यासाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. २००१ साली त्याऐवजी ‘२०८ वजा वयाचे ०.७ पट’ असं सुधारित सूत्र पुढे आलं. दोन्ही सरासरी सांगतात, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा बोलून बघा: वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, इतका जोर म्हणजे मध्यम. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी तर हीच कसोटी.

वजन निवडताना असं बघा की १५ वेळा उचलता येईल, पण तुम्ही १२ वर थांबाल. पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचा एक किंवा दोनच सेट (न थांबता केलेली एक फेरी म्हणजे एक सेट). पहिल्याच दिवशी शरीर पिळून काढणाऱ्या प्रशिक्षकाला स्पष्ट नकार द्या. सवय नसलेल्या स्नायूंवर अतोनात ताण पडला, तर त्यांच्या पेशी फुटून आतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर असह्य दुखणं, सूज आणि गडद तपकिरी लघवी दिसली, तर वाट न बघता रुग्णालयात जा.

जिमच्या मशीनमधून निघणाऱ्या कागदाबद्दल

पट्टीवर उभं राहून चरबीची टक्केवारी सांगणारं मशीन शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडतं, विरोध मोजतं, त्यावरून पाण्याचा आणि पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी प्यायलात, जेवलात, घाम गाळलात की आकडा हलतो. बायकांमध्ये पाळीच्या आसपासही हलतो. सकाळी उपाशीपोटी, दर वेळी त्याच मशीनवर घेतलेला कागद जपून ठेवायला हरकत नाही. पण त्याच कागदावर बोट ठेवून कुणी महागडं पॅकेज किंवा पावडरीचे डबे गळ्यात मारत असेल, तर त्याला विचारा: या आकड्यामुळे माझ्या व्यायामात नेमकं काय बदललं? नीट उत्तर देणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याला सोडू नका.

पायरी ८: पुन्हा मोजणी

स्टेप टेस्ट आणि पुशअप दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा करा आणि दुसरा आकडा आधार म्हणून धरा. पहिल्या खेपेला शरीर चाचणीच शिकत असतं, त्यामुळे दुसऱ्यांदा आकडा आपोआप सुधारतो. दोन आकड्यांतला फरक तुमच्या मोजमापातली नेहमीची चढ-उतारही दाखवतो. तो फरक चार ठोक्यांचा असेल, तर पुढे तीन ठोक्यांनी नाडी उतरली म्हणून हुरळून जायचं कारण नाही आणि तीनने चढली म्हणून खचायचंही नाही.

त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सगळं पुन्हा. वेळ, पायरी, बूट, पुशअपचा प्रकार, सगळं तसंच ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायूंचा आकार नंतर वाढतो. तेव्हा पुशअप ६ वरून ११ वर गेले आणि टेप मात्र जागची हलली नाही, तर व्यायाम योग्य मार्गावर आहे. आठ आठवड्यांनीही एकच आकडा हलला नसेल आणि बाकीचे सुधारले असतील, तर पुढच्या महिन्याचे दोन दिवस त्या एका आकड्याच्या नावावर करा. मध्ये आजारपणाने तीन-चार आठवडे खंड पडला, तर जुन्या वजनांवर परतू नका. आधी स्टेप टेस्ट घ्या आणि येईल त्या आकड्यावरून पुन्हा सुरुवात ठरवा.